दोन वाजताचा दिवा



परीक्षा जवळ आली की मुले आम्हा शिक्षकांकडे एकच तक्रार घेऊन येतात. सर, अभ्यासाला वेळच मिळत नाही. आमच्या हेमलकसा-भामरागडच्या परिसरात ही तक्रार अगदीच खोटी नाही. घर एका खोलीचे, त्यात लहान भावंडे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि शाळा बुडते. ऐन परीक्षेच्या दिवसांत जंगलात मोहफुले पडू लागतात आणि मे महिना तेंदूपत्त्यात जातो. अशा घरात भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक आठवडाभरही टिकत नाही.

म्हणून वेळेच्या नियोजनावर कोरडा उपदेश करण्यापेक्षा, ज्याच्याजवळ ना जागा होती ना वेळ, अशा एका विद्यार्थ्याचे चरित्र सांगावे असे मी ठरवले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. आपल्या भागाला ते परके नाहीत. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, ते चांद्याला आले होते आणि तेथेही दीक्षा समारंभ झाला होता. त्या वेळी आपला गडचिरोलीचा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडत असे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. सुभेदारांचे हे चौदावे अपत्य. आई लहानपणीच वारली. साताऱ्याच्या शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळे बसावे लागे, त्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे आणि तहान लागली तरी पाण्याला हात लावता येत नसे.

परंतु हा मुलगा सुरुवातीपासून अभ्यासू होता असे कोणी समजू नये. साताऱ्यात त्याचे लक्ष पुस्तकांपेक्षा इतर उद्योगांत अधिक असे. मुंबईच्या गिरणीत नोकरी मिळते असे ऐकून त्याने पळून जायचे ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशाची पिशवी लांबवण्याचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत फक्त अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? त्या रात्री शरमेने त्याचे मन पालटले. उनाडक्या सोडून मन लावून शिकायचे आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे त्याने ठरवले. पुढे ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतःच सांगितली. मित्रहो, गेलेल्या वेळेबद्दल रडत बसण्याचे कारण नाही. हिशेब कोणत्याही रात्री नव्याने सुरू करता येतो.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. खोली एकच. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा. भांडीकुंडी, सरपण, जाते, चुलीचा धूर आणि जोडीला एक बकरीही. अशा खोलीत अभ्यास करायचा केव्हा? यावर सुभेदारांनी एक तोड काढली. संध्याकाळी ते मुलाला लवकर झोपवीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत. दोन वाजता मुलाला उठवून त्याच्या मोकळ्या झालेल्या जागी आपण झोपत. मग काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापाशी बसून भीम उजाडेपर्यंत वाचत असे. रात्री सगळी चाळ निजलेली असे आणि ते तास त्याच्या एकट्याचे असत.

हे तास मोठे महाग होते. त्यांची किंमत बापाच्या झोपेने मोजली जात होती. पुस्तकांसाठी पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. हा वेळ उसना आहे याची जाणीव ज्या मुलाला असते, त्याला तो गप्पांत घालवणे जमत नाही.

दिवसा जागा हवी म्हणून शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर या मुलावर पडली. पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. शाळेत संस्कृत शिकण्याची दारे बंद होती, म्हणून भीमरावांनी फारशी घेतली. पुढे संस्कृतही त्यांनी आपल्या बळावर शिकून घेतले. १९१२ मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याची शिष्यवृत्ती तीन वर्षांची, म्हणजे पहिल्या दिवसापासून घड्याळ चालू! अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, जेवढे शिकता येईल तेवढे त्यांनी शिकून घेतले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला आणि त्याच वर्षी लंडन गाठले.

पण १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मागून घेतली होती. दुसऱ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके युद्धात बुडाली. बडोद्यात नोकरी लागली, पण जातीमुळे राहायला घर मिळेना. इतके झाले तरी त्यांनी ती मुदत नजरेआड होऊ दिली नाही. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पगार साठवला, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

तेथे सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना जायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, असा क्रम होता. खाणे बेताचे. रात्री भूक लागली तर मुंबईहून आणलेले पापड भाजून भागवायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होत्या. त्या तासांत त्यांचाही वाटा होता, हे आपण विसरता कामा नये.

१९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो काही भाग बदलून लिहिण्यास सांगितले. जवळचे पैसे संपले होते. ते मुंबईला परतले, प्रबंध पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवली. बॅरिस्टर तर ते झालेच होते. केलेले काम पुन्हा करावे लागले म्हणजे वेळ फुकट गेला असे त्यांनी मानले नाही. पुढे १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब तरुणांना तेवढाच वेळ मोकळा असतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

या चरित्रातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? सर्वांनी दोन वाजता उठावे असे मी म्हणणार नाही. भीमराव लवकर झोपत म्हणून लवकर उठू शकत. रात्री अकरापर्यंत मोबाईल पाहून पहाटेचा गजर लावणाऱ्याने त्यांचे नाव सांगू नये. आपल्या घरात कोणता तास शांत असतो, तो आधी शोधावा. आपल्याकडे फजरला घर जागे होतेच. नमाजनंतर पुन्हा अंथरुणात न शिरता तासभर पुस्तक उघडले, तरी वर्षाकाठी तीनशेहून अधिक तास हाती येतात. ज्यांच्या घरी जागाच नाही, त्यांनी शाळेचा ओटा किंवा झाडाची सावली गाठावी. मोहफुलांच्या दिवसांत कामाला जावेच लागणार असेल, तर तेवढा अभ्यास हिवाळ्यातच उरकून ठेवावा.

आता पालकांना दोन शब्द. मागे एका दहावीच्या विद्यार्थिनीच्या घरी गेलो होतो. भावाच्या अभ्यासाची वेळ घरात सर्वांना पाठ होती. मुलीची वेळ कोणती असे विचारले, तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. पाणी, भांडी आणि धाकट्यांना सांभाळणे यांतच तिचा दिवस संपत होता. वर्गात मात्र तीच अधिक हुशार होती. अशा मुलीला वेळेच्या नियोजनाचे धडे काय द्यावेत? आधी तिच्या वाट्याला वेळ तरी यायला हवा!

सुभेदार रामजींनी मुलाला नुसते अभ्यास कर म्हणून सांगितले नाही. आपल्या झोपेतून काढून त्याला वेळ दिला. आपणही आज घरी गेल्यावर मुलामुलींना जवळ बसवून प्रत्येकाचा एक तास ठरवून द्यावा आणि त्या तासात त्यांना कोणतेही काम सांगू नये. एवढे झाले, तर पुढच्या वर्षी वेळ मिळत नाही ही तक्रार आम्हाला नक्कीच कमी ऐकू येईल.