मुका नरहरी

श्रीगुरुचरित्र वाचताना आपण सारे गाणगापुराकडं घाई करतो. यंदा दत्तजयंतीच्या सप्ताहात मी मात्र कारंज्यातच अडकलो. कारण घरातलंच. नातू साडेतीन वर्षांचा. भद्रनागाच्या देवळात नेलं की तासभर खडे मांडत बसतो, पण बोलत नाही.

कारंज्याच्या माधव आणि अंबाचा नरहरी, म्हणजेच पुढचे श्रीनृसिंह सरस्वती, जन्मताच ॐकार उच्चारले. पुढं सात वर्षं ॐ शिवाय शब्द नाही. आईबापांनी काय कमी केलं? रविवारी पिंपळाच्या पानावर जेवू घातलं, कुलदेवतेला आळवलं. शेवटी पोरानंच जानव्याची, मुंजीची खूण करून दाखवली. मुक्याची कसली मुंज, खर्च वाया, असं गावकरी म्हणत होते. माधवांनी तरी मुंज लावली. अंबेनं तीनदा भिक्षा घातली. पोरानं एकेका भिक्षेला एकेक वेद म्हटला.

त्या माउलीला आनंद पुरता भोगताही आला नाही. बोलू लागलेला लेक लगेच तीर्थाटनाला निघाला! ती रडली, तेव्हा तो थांबला. वर्षभरात तिला जुळे मुलगे झाले. ते तीन महिन्यांचे झाल्यावरच तो काशीकडं गेला. तीस वर्षांनी संन्यासी होऊन आला, तेव्हा आईबाप, भाऊ आणि बहीण रत्नाई भेटली.

नातवाला डॉक्टरांकडं नेतोच आहोत. काल त्यानं एक खडा माझ्या हातात ठेवला, मूठ मिटवली अन् दुसऱ्या मुठीकडं बोट दाखवलं. मी तीही पुढं केली.