आर्वीची थाळी आणि विक्रमभाई

पारगाव म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठलं? एक जुन्नर तालुक्यात आहे, एक आंबेगाव तालुक्यात. माझं आजोळ आंबेगावातलं, भीमाशंकर साखर कारखान्याच्या बाजूचं. गेल्या दिवाळीत तिथे गेलो, तर मामेभावाचा मुलगा रात्री जेवणाआधी मला गच्चीवर घेऊन गेला. हातात पीव्हीसी नळीवर पोलादी मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेला अँटेना, तो बोटाएवढ्या रिसीव्हरला जोडलेला आणि रिसीव्हर लॅपटॉपला. अँटेना आकाशात हळूहळू फिरवत तो थांबला. खरखरीतून बारीक टिटकारे ऐकू यायला लागले. चार टिंबं, मग दोन टिंबं, आणि पुढे आकडे. मोर्सच्या लिपीत.

तो आवाज ऑस्कर-७ नावाच्या उपग्रहाचा होता. हौशी रेडिओवाल्यांनी स्वतः बांधलेला हा उपग्रह १५ नोव्हेंबर १९७४ रोजी आकाशात गेला. १९८१ मध्ये त्याची बॅटरी आतून शॉर्ट झाली आणि तो गप्प झाला. सगळ्यांनी त्याला मृत धरलं. २१ जून २००२ रोजी तो अचानक पुन्हा ऐकू आला. शॉर्ट झालेली बॅटरी कधीतरी पूर्ण तुटली असावी, त्यामुळे सौर पट्ट्यांची वीज तिच्यात बुडायची थांबली आणि थेट प्रक्षेपकाला मिळू लागली. तेव्हापासून ऊन पडलं की तो बोलतो, पृथ्वीच्या सावलीत गेला की झोपतो. हृदयाचा ठोका परत आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, पण एकवीस वर्षांनी नाही.

मी त्या पोराला विचारलं, की आपल्या भागातलं उपग्रहाशी बोलणारं पहिलं ठिकाण कुठलं? तो लगेच खोडदची जीएमआरटी म्हणाला. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या तारे आणि दीर्घिका ऐकतात, ते काम वेगळं. उपग्रहांशी बोलणारी थाळी नारायणगावजवळच्या आर्वीला होती, आणि तीही जीएमआरटीच्या वीसेक वर्षं आधी. तिचं नाव विक्रम. त्याला चंद्रावर उतरलेला विक्रम ठाऊक होता, आर्वीचा नव्हता, आणि ज्या माणसावरून दोघांची नावं पडली त्याच्याबद्दल नावापलीकडे काही माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर वैद्यकीय महाविद्यालयात असताना मलाही नव्हतं.

मला साराभाई हे नाव पहिल्यांदा भेटलं ते औषधांवर. क्षयरोगाच्या वॉर्डात स्ट्रेप्टोमायसिनच्या कुप्या असत, त्यांवर ते छापलेलं असे. पुढे प्रॅक्टिस करणाऱ्या मित्रांकडे बसलं की कंपन्यांचे प्रतिनिधी आपलं औषध ओआरजीच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे ते सांगत. ती ओआरजी, म्हणजे बडोद्याची ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप, १९६० मध्ये याच माणसाने काढली. बडोद्याचा साराभाई केमिकल्स हा कारखानाही घरचाच, आणि पन्नासच्या दशकात त्याला वळण देण्यात विक्रमभाईंचा मोठा हात होता. अग्निबाण उडवण्याच्या कितीतरी आधी हा माणूस पेनिसिलिनच्या धंद्यात होता, हे आमच्या पिढीतल्या डॉक्टरांनाही फारसं आठवत नाही.

विक्रम अंबालाल साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ चा, अहमदाबादचा. वडील अंबालाल गिरणीमालक, शहरातल्या सर्वात श्रीमंतांपैकी. आदल्याच वर्षी अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा प्रसिद्ध संप झाला होता. त्यात गांधीजी उपोषणाला बसले, आणि कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत अंबालालांची सख्खी बहीण अनसूया होती. भाऊ मालकांचा पुढारी, बहीण मजुरांची, आणि तरीही घर एक. अशा घरात वाढलेल्या मुलाला पुढे सरकार, उद्योगपती आणि शास्त्रज्ञ या तिघांना एका टेबलाशी बसवणं जमलं याचं मला नवल वाटत नाही. मुलं आठ. त्यांच्यासाठी आईवडिलांनी घरातच मॉन्टेसरी पद्धतीची शाळा काढली. पाहुण्यांत गांधीजी, रवींद्रनाथ, सी. व्ही. रामन.

गुजरात कॉलेजनंतर विक्रम केंब्रिजला गेले आणि १९४० मध्ये पदवी घेतली. युद्ध पेटलं होतं, म्हणून परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांवर काम करू लागले. होमी भाभाही युद्धामुळे तिथेच अडकले होते. विश्वकिरण म्हणजे अंतराळातून अखंड पडणारे अतिवेगवान कण. हे काम म्हणजे मुख्यतः मोजत बसणं. गायगर नळ्या मांडायच्या आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या दिशेने किती कण आले याची नोंद ठेवायची. साराभाईंनी ही मोजणी बंगळूरला केली, पुण्याच्या हवामान वेधशाळेत केली, काश्मीरच्या डोंगरात केली. त्या चढउतारांत त्यांना सूर्याची चाल दिसत होती. १९४२ मध्ये नृत्यांगना मृणालिनी यांच्याशी लग्न झालं. १९४७ मध्ये उष्ण कटिबंधातल्या विश्वकिरणांवरच्या प्रबंधाला केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटच्या उसन्या खोल्यांत. साराभाई अठ्ठावीस वर्षांचे होते. प्रमुख म्हणून त्यांनी आणला पुण्याचा माणूस, हवामान खात्यातून निवृत्त होणारे के. आर. रामनाथन. स्वतःपेक्षा वयाने दुप्पट माणसाला संचालक करून स्वतः त्याच्या हाताखाली प्राध्यापक राहणं, तेही पैसा आपल्या घरचा असताना, हे किती जणांना जमेल? मी सरकारी नोकरीत तीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून विचारतो.

गिरण्यांसाठी वस्त्रोद्योग संशोधन संस्था, दर्पण ही नृत्यसंस्था, १९६१ मध्ये आयआयएम. सगळ्यांची नावं घेत बसलो तर ही जागा पुरणार नाही. मला त्यांतल्या एकाच धाग्याशी काम आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. त्याचा प्रक्षेपक २० आणि ४० मेगाहर्ट्झच्या आसपास टिटकारत होता. या लहरी हौशी माणसांच्या साध्या रिसीव्हरवर सापडतात, आणि रशियनांनी त्या मुद्दाम आधीच जाहीर केल्या होत्या. जगभरच्या गच्च्यांवर, माळ्यांवर लोकांनी तो आवाज ऐकला. साधारण तीन आठवड्यांत बॅटरी संपली. ते आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं आणि अहमदाबादची प्रयोगशाळाही त्यात सामील होती. साराभाईंनी हेरलं, की ज्या सूर्याचा माग ते जमिनीवरून कण मोजून काढत होते, त्याच्याजवळ आता उपकरणच नेता येईल.

१९६२ मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती त्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाली. जागा निवडली केरळची थुंबा, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं. त्या रेषेवर शंभरेक किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. बलून तितक्या वर पोचत नाही आणि उपग्रह त्याच्याही वरून जातो, म्हणून तिथे छोटा अग्निबाणच हवा. मासेमारांच्या वस्तीत चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा आणि गावकऱ्यांनी ते दिलं, आणि त्याच इमारतीत प्रयोगशाळा भरली. सुटे भाग सायकलवरून जात. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकी नाइकी-अपाची बाण उडाला आणि संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग पसरला.

गरीब देशाला हे चोचले कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मीही विचारला आहे, आणि रागाने. नव्वदच्या दशकात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. ईसीजीचं यंत्र नव्हतं, फोन पावसाळाभर बंद. छातीत दुखणाऱ्या एका शेतकऱ्याला दुधाच्या गाडीतून तालुक्याला पाठवलं, तो वाटेतच गेला. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात उपग्रहाची बातमी होती. ती मी वाचली नाही.

साराभाईंचं म्हणणं असं, की चंद्रावर कोण आधी जातो या शर्यतीत आपण पडायचं नाही. पण रस्ता, तार, शाळा, डॉक्टर यांची वाट पाहत दोन पिढ्या घालवण्यापेक्षा मधली पायरी ओलांडता आली तर ओलांडायची. त्यासाठी १९६९ मध्ये त्यांनी नासाशी करार घडवला, उपग्रहावरून खेड्यांत दूरचित्रवाणी दाखवण्याचा. त्याच वर्षी १५ ऑगस्टला इस्रो स्थापन झाली. १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेल्यापासून अणुऊर्जा आयोगही त्यांच्याच खांद्यावर होता.

आर्वी याच काळातली. त्याआधी परदेशी फोन आणि तारा लघुलहरींवर चालत. १९२७ मध्ये खडकी आणि दौंडच्या बिनतारी केंद्रांतून लंडनशी पहिला दुवा जोडला गेला तोही असाच. वातावरण बिघडलं की आवाज गेला. हिंदी महासागरावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला की ही कटकट संपणार होती, पण त्यासाठी जवळपास ३० मीटर व्यासाची थाळी लागे. ती परदेशी कंपनीकडून आयती उभी करून घेणं सोपं होतं. साराभाईंनी आग्रह धरला, की हे काम आपले लोक करतील. अहमदाबादेत संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने उपग्रह-संपर्काचं प्रायोगिक केंद्र १९६७ पासून चालू होतं, त्यातून अभियंते तयार झाले होते. आमच्या आजोळी आर्वीला थाळी असंच म्हणत. लहानपणी एसटीतून लांबून ती दिसली, की उजव्या बाजूची सगळी डोकी खिडकीकडे वळत.

त्या केंद्राला आपलं नाव मिळालेलं साराभाईंनी पाहिलं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये ते थुंब्याच्या कामासाठी गेले आणि कोवलमला मुक्कामी होते. ३० डिसेंबरच्या सकाळी ते अंथरुणात मृत आढळले. वय ५२. शवविच्छेदन झालं नाही. त्यामुळे संशयाच्या गोष्टी आजही फिरतात आणि दरवर्षी कुणी ना कुणी मला त्या फोनवर पाठवतो. माझं मत मागाल, तर दोन अवाढव्य खाती, सततचा प्रवास आणि अपुरी झोप असलेला पन्नाशीतला माणूस झोपेत जातो, तेव्हा डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा हृदय येतं. पण तपासणीशिवाय ते मत मतच राहतं, आणि उलट बाजूच्या कहाण्यांनाही तोच नियम लागू. कळून फार काही करता आलं असतं असंही नाही. फुग्याने हृदयाची धमनी उघडण्याची पहिली शस्त्रक्रिया १९७७ ची, कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या बाजारात आल्या त्या १९८७ मध्ये.

नासाबरोबरचा प्रयोग त्यांच्या मागे पार पडला. १ ऑगस्ट १९७५ पासून बरोबर वर्षभर, सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या थाळीवर शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दिसले. महाराष्ट्र त्यात नव्हता. वर्ष संपलं, अमेरिकेने उपग्रह परत नेला आणि बऱ्याच गावांतले पडदे काळे झाले. हे अपुरेपण मी झाकणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९ एप्रिल १९७५ रोजी गेलेला आर्यभट्ट चार-पाच दिवसांत विजेच्या बिघाडाने अर्धा लुळा पडला आणि त्यावरचे शास्त्रीय प्रयोग थांबले. पण रेडिओ चालू होता. त्याच्यामार्फत श्रीहरिकोट्याहून बंगळूरला माणसाचा ईसीजी पाठवून पाहिला गेला. माझ्या आरोग्य केंद्रातल्या त्या रात्रीच्या पंधरा-वीस वर्षं आधी. हे वाचून राग गेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. पट्टी आकाशातून पोचवणं १९७५ मध्येच जमलं होतं, केंद्रात यंत्र पोचलं नव्हतं.

गच्चीवर ऑस्करचा टिटकारा क्षितिजाकडे जाताना खालच्या सुरात उतरत गेला आणि खरखरीत बुडाला. पोराने विचारलं, चंद्रावरचा विक्रम असा ऐकता येईल का? नाही. तो २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरला, दोन आठवड्यांनी रात्र झाली आणि त्यानंतर जागा झाला नाही. मात्र त्याच्या पाठीवर बिस्किटापेक्षा लहान आरसा आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने त्यावर लेझर मारला आणि उजेड परत आला. लेझर आपल्याकडे नाही, म्हणून पोराने ऑस्करची पुढची फेरी शोधली. ती पहाटे पाच वाजता होती. मी खाली जेवायला गेलो.