सर एडविन चॅडविक

नळाची तोटी फिरविली कीं स्वच्छ पाणी यावें आणि घाण पाणी जमिनीखालून वाहून जावें, ही सोय एके काळीं लंडनमध्यें गरिबांस ठाऊक नव्हती. ती करून देणें हें सरकारचें कर्तव्य होय, असें इंग्लंडच्या राज्यकर्त्यांस पटवून देण्यासाठीं झटलेल्या एका अधिकाऱ्याची ही हकीकत आहे.

एडविन चॅडविक ह्यांचा जन्म २४ जानेवारी १८०० रोजीं मँचेस्टरजवळ झाला. ते बॅरिस्टर झाले व कांहीं काळ प्रसिद्ध तत्त्वज्ञ बेंथॅम ह्यांचे चिटणीस होते. १८३४ सालीं गरिबांविषयींचा नवा कायदा झाला, त्याच्या मंडळाचें चिटणीसपद त्यांस मिळालें. मदत मागणाऱ्यास अनाथगृहांत जावें लागे, व तेथें नवरा, बायको आणि मुलें ह्यांची ताटातूट होई. त्यामुळें गरीब लोक चॅडविकांचा द्वेष करूं लागले.

परंतु ह्याच कामांत त्यांच्या ध्यानांत आलें कीं, कित्येक कुटुंबें आळसानें नव्हे, तर आजारानें भिकेस लागतात. त्यांनीं देशभरांतून माहिती जमवून १८४२ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. मँचेस्टरमध्यें मरणसमयींचें सरासरी वय वरिष्ठ वर्गांत ३८ वर्षें, तर मजुरांच्या कुटुंबांत अवघें १७ होतें. बालमृत्यु इतके भयंकर होते. रटलंड ह्या ग्रामीण परगण्यांत मात्र मजुरांचेंही सरासरी वय ३८ भरलें. म्हणजे खेड्यांतील मजूर शहरांतील धनिकाइतका जगत होता! दोष नुसत्या दारिद्र्याचा नसून घाणीचाही आहे, हें ह्यावरून उघड झालें.

१८४८ सालीं सार्वजनिक आरोग्याचा कायदा झाला व चॅडविक नव्या आरोग्यमंडळाचे सभासद झाले. पण दुर्गंधीनेंच रोग होतात, अशी त्यांची ठाम समजूत होती. म्हणून लंडनचीं गटारें धुऊन तो मैला थेम्स नदींत सोडण्यांत आला. आणि तिचेंच पाणी असंख्य लोक पीत होते. १८४८-४९ च्या पटकींत लंडनमध्यें सुमारें १४ हजार माणसें दगावलीं. पटकी पाण्यांतून पसरते, असें डॉ. जॉन स्नो ह्यांनीं १८४९ सालींच लिहिलें. परंतु चॅडविकांनीं आपलें मत सोडलें नाहीं. दुसऱ्याचें ऐकून घेणें त्यांस जमत नसे. त्यामुळें शत्रु वाढले, आणि १८५४ सालीं त्यांस पद सोडावें लागलें.

पुढें १८७५ सालीं आरोग्याचा व्यापक कायदा झाला. १८८९ सालीं त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि ६ जुलै १८९० रोजीं ते निवर्तले.

मुलांनो, शुद्ध पाणी व बंद गटारें हा त्यांनीं सांगितलेला उपाय खरा ठरला; त्यामागील कारणमीमांसा मात्र चुकली. त्यांचा उद्योग अवश्य घ्या. पण आपली चूक दाखविणाराचें म्हणणें ऐकण्याची जी नम्रता त्यांस साधली नाहीं, तीही अंगीं बाणवा.