लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि खरादावरचे सेंटर

यंत्रे घडवणारी थोर माणसे परदेशातच जन्माला येतात, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. पण कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्ती तालुक्याचे, गुर्लहोसूरचे. घरची भाषा मराठी, गावची भाषा कन्नड. मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग असलेल्या आपल्या अंकात त्यांच्याविषयी लिहिणे म्हणूनच योग्य वाटते.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी यंत्राविषयी काय लिहिणार, असे कोणी विचारील. माझे घर बालाघाटचे, मध्य प्रदेशातले. भोवती सागाचे आणि सालाचे जंगल, त्यामुळे गावात लाकडाचे काम भरपूर. आमच्या घराशेजारी एका खरादीचे दुकान आहे. महाराष्ट्रात ज्याला कातारी म्हणतात त्याला आमच्याकडे खरादी म्हणतात आणि लेथला खराद. पलंगाचे खूर, लाटणी, पाळण्याचे दांडे तिथे कातले जातात. तिथे उभे राहून जे पाहिले, त्यामुळे लक्ष्मणरावांचे चरित्र मला अधिक चांगले उमगले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी झाला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. वडिलांचा विरोध असतानाही वडीलबंधू रामुअण्णांच्या आधाराने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे शिकत असताना त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळले. चित्रकाराच्या दृष्टीने हा आघात मोठा होता. पण यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाही, रेघ अचूक लागते. त्यांनी यांत्रिक रेखाचित्रांचे शिक्षण घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

फावल्या वेळात ते तिथल्या वर्कशॉपमध्ये रमत. यंत्र खोलावे, पुन्हा जोडावे, परदेशी मासिके वाचावीत असा त्यांचा क्रम असे. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्यात आणि रामुअण्णांनी त्या विकून चालवायलाही शिकवाव्यात, अशी वाटणी होती. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. साठवलेल्या पैशातून त्यांनी एक लहानसा लेथ, भोके पाडण्याचे यंत्र आणि छोटे इंजिन घेतले. एवढ्याशा भांडवलावर कारखाना उभा राहिला.

तिथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले, नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली. आमच्या हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर माल पडून, भांडवल अडकलेले आणि रोजचा खर्च चालू. अशा वेळी धंदा गुंडाळणारे पुष्कळ असतात. लक्ष्मणराव टिकले. ते कशाच्या बळावर टिकले असतील, याचा विचार करताना मला खरादावरचे सेंटर आठवते.

ओतीव लोखंडाची वस्तू करायची तर आधी तिची लाकडी प्रतिकृती लागते. तिला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते, तिच्यात लोखंड ओततात. गोल आकाराचे पॅटर्न लाकडाच्या लेथवर कातावे लागतात. तेव्हा लोखंडाच्या कारखान्याचाही आरंभ लाकडापासूनच होतो.

लाकूड फिरवणारे जे टोक, ते ड्राइव्ह सेंटर. मध्ये अणी, भोवती दोन किंवा चार दात आणि मागे निमुळता दांडा. स्पिंडलचे भोकही आतून तसेच निमुळते असते. या उताराला अमेरिकन कारागीर स्टीफन मोर्स याच्या नावावरून मोर्स टेपर म्हणतात. उतार फार थोडा, साधारण वीस भागाला एक भाग. ना आटे, ना खिळा. दोन्ही पृष्ठभाग अंगाला अंग लागून बसतात आणि केवळ घर्षणाने सेंटर घट्ट राहते.

ते बसवण्याची रीत ठरलेली आहे. लाकडाच्या टोकावर दोन कर्ण काढून मध्य शोधावा. लाकूड कठीण असेल तर दातांसाठी करवतीने खाचा पाडाव्यात. सेंटर लेथवरून काढून लाकडावर टेकवावे आणि लाकडी हातोड्याने ठोकून दात रुतवावेत. स्पिंडलमध्ये असताना ठोकले तर त्याचे घाव बेअरिंगला बसतात. मग दांडा आणि भोक दोन्ही कोरड्या फडक्याने पुसावीत, तेल मुळीच लावू नये, आणि सेंटर हाताने नेटाने आत ढकलावे. भुशाचा एक कण मध्ये राहिला तरी सेंटर डळमळते, घसरते आणि भोकाला ओरखडे पडतात. शेवटी समोरून टेलस्टॉक आणून लाकूड दाबून धरावे.

काढताना प्रथम यंत्र पूर्ण थांबवून वीज बंद करावी. लाकूड उतरवावे, एका हाताने सेंटर फडक्यात धरावे, पोकळ स्पिंडलच्या मागून सळई घालावी आणि एक हलका ठोका द्यावा. सेंटर हातात येते. पुढून पकडीने ओढले तर ते खराब होते. नीट काढलेले सेंटर पुन्हा दुसऱ्या कामाला तितकेच घट्ट बसते.

लक्ष्मणरावांच्या आयुष्यात असे मागून ठोके अनेक बसले. रंगांनी चित्रकलेतून काढले, बढतीने नोकरीतून काढले. नंतर बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये कर्ज दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी वसली.

माणसे निवडतानाही ते त्याची योग्य जागा कोणती हेच पाहत. शाळेत मागे पडलेल्या अनंतराव फळणीकरांमधला यंत्रज्ञ त्यांनी ओळखला, हिशेबाची बाजू मंगेशराव रेगे यांच्याकडे दिली. समाजाने गुन्हेगार ठरवलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना वाडीचे राखणदार केले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले!

१९२६ साली वाडीत पंप तयार झाला. १९४१ साली म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे किर्लोस्करांचा लेथचा कारखाना निघाला. ज्या घराण्याने एका लेथवर आरंभ केला, ते आता देशाला लेथ पुरवू लागले. तो कारखाना पुढे बंद पडला, पण तिथे शिकलेले कारागीर दूरवर पसरले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, आणि नागपूर मुंबई राज्यात गेले तरी आमचे बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. सीमा बदलल्या, पण त्यांचे नांगर आणि पंप तिन्ही राज्यांच्या शेतांत चालत राहिले.

माझ्या वयाच्या पुष्कळ मुलांना मनाजोगी शाखा मिळत नाही, एखादी परीक्षा हुकते, एखादी जागा दुसऱ्याला जाते. आमच्या शेजारच्या खरादीचा मुलगाही वडिलांचे काम सोडावे की धरावे या विवंचनेत आहे. त्याला आणि आपल्या सर्वांना मी एवढेच सांगेन की एका ठिकाणाहून निघालो म्हणजे निकामी झालो असे नाही. मात्र नव्या जागी बसण्यापूर्वी मनातला कडवटपणाचा भुसा पुसून टाकावा लागतो. लक्ष्मणरावांनी तो प्रत्येक वेळी पुसला, आणि प्रत्येक नव्या जागी ते पहिल्याइतकेच घट्ट बसले.