चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन आणणारे रेव्हरंड टिळक कोण होते?

शाळेत 'केवढे हे क्रौर्य' शिकलात? त्या कवितेचे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी चर्चला आपल्या भाषेत गायला शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव सगळ्यात वर येतं.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. बालपणीचं शिक्षण मात्र आपल्या बदलापूर-अंबरनाथच्या शेजारच्या कल्याणमध्ये झालं. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरताना त्याने नवा करार हातात दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरात वादळ उठलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या आणि हा सगळा काळ त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिला.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम करू लागले. तेव्हा चर्चमधली बरीच गाणी इंग्रजीवरून भाषांतरित केलेली होती आणि चालीही परदेशी. शब्द मराठी, पण वळण परकं. ओव्या-अभंगांवर वाढलेल्या गावाकडच्या माणसाच्या मनाला हे भिडणार कसं?

टिळकांनी उपाय घरातच शोधला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी साध्या मराठीत अभंग, भजनं आणि पदं रचली. टाळ घेऊन ख्रिस्ताचं कीर्तन केलं. येशूचं चरित्र सांगणारं 'ख्रिस्तायन' ओवीत सुरू केलं. ते अपुरं राहिलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

प्रश्न फक्त गाण्यांचा नव्हता. ख्रिस्ती होण्यासाठी परदेशी व्हायची गरज नाही, हे टिळकांना सांगायचं होतं. त्यासाठी 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती.

त्यांच्या हाती फार दिवस उरले नव्हते. 9 मे 1919 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. पण मराठी चर्चच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीतं मोठ्या संख्येने आहेत. ती गाणाऱ्याला अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. टिळकांना हवं होतं, ते हेच.