कन्नंबाडीच्या धरणाची फाईल

शेतकरी बंधूंनो, संग्रामपूर तालुक्यात पाण्याचं मोल कोणाला शिकवायची गरज नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गोडं पाणी आणि तिथून पूर्णेकडं खाली सरकलं की खारपाणपट्टा. म्हणून बंधाऱ्याचा, तळ्याचा ठराव ग्रामसभेत होतच असतो. कागद वर जातो आणि त्रुटी निघून परत येतो. मग आपण म्हणतो, वरच्यांना कामच करायचं नाही. काही वेळा ते खरंही असतं. पण एका फार मोठ्या इंजिनियरची फाईलसुद्धा शंभरावर वर्षांपूर्वी अशीच अडली होती. ती कशी सुटली, हे सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी विशेष करून वाचावं.

हे इंजिनियर म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला अभियंता दिन पाळतात तो त्यांच्या जन्मदिवशी. गाव मुद्देनहळ्ळी, आजच्या कर्नाटकातलं. वडील लवकर वारले, घरची स्थिती बेताची. पण इंजिनियर झाले ते आपल्या पुण्यात, १८८३ साली. दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिकला लागले. सुरुवातीच्या कामांपैकी एक तर आपल्या शेजारच्या खानदेशात, पांझरेच्या खोऱ्यात होतं. म्हणजे या माणसाची उमेदवारी मराठी मुलखात झाली असं म्हणायला हरकत नाही.

नीरा कालव्यावरचं त्यांचं काम बागाइतदारांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेले लोक बेसुमार पाणी घेत, जमिनी चिबड होत, डास आणि हिवताप वाढे, आणि शेपटाकडच्यांना पाणी पोचतच नसे. विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत काढली. एका गटातल्या ठराविक भागालाच उसाचं पाणी द्यायचं, बाकी भागात कमी पाण्याची पिकं घ्यायची आणि पिकांची पाळी फिरवायची. लोक चिडले, वर्तमानपत्रांतून टीका झाली. साहेबांनी बागाइतदारांशी बसून बोलणी केली आणि पद्धत चालू करून दाखवली. पुढं १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. भिंतीला हात न लावता तळ्यात सुमारे आठ फूट जास्त पाणी राहू लागलं.

इतकं करूनही मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी हिंदी माणसाला मिळणं दुरापास्त. १९०८ ला त्यांनी नोकरी सोडली आणि १९०९ ला म्हैसूर संस्थानात मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. तिथं त्यांच्या डोक्यात आलं कावेरीवरचं धरण. जागा कन्नंबाडी गावाजवळची, नाव पुढं कृष्णराज सागर पडलं. साठा साडेएकेचाळीस टीएमसी धरलेला, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी.

फाईल अडली ती घरातच. संस्थानच्या अर्थखात्याचं म्हणणं, एवढा पैसा घालून लोकांना उपयोग काय? आणि वीज तयार झाली तरी ती घेणार कोण? बंधूंनो, ही हरकत चुकीची नव्हती बरं का. संस्थान लहान, तिजोरी मर्यादित, आणि धरणाचं पाणी शेतात पोचून सारा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. तिजोरी सांभाळणाऱ्यानं हे विचारलंच पाहिजे.

विश्वेश्वरय्यांनी उत्तर दिलं ते हिशेबानं. कावेरीवरच खाली शिवसमुद्रमला १९०२ पासून वीज तयार होत होती आणि ती जवळजवळ दीडशे किलोमीटर लांब कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात नदी आटली की वीज कमी पडे. खाणवाल्यांना तर जास्त वीज हवी होती आणि तिचे पैसे ते रोख मोजत होते. वरच्या अंगाला धरण झालं तर उन्हाळ्यात नदीत पाणी सोडता येईल, वीज बारमाही मिळेल आणि पहिल्यापासून उत्पन्न सुरू होईल. शेतीचं पाणी त्याच भिंतीतून मिळायचं. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाची गरज आजची आहे त्याच्या पैशावर उद्याच्या शेतकऱ्याचं धरण उभं करायचं! आपल्या प्रस्तावांत नेमकी हीच बाजू लंगडी असते. पाणी पाहिजे एवढं आपण लिहितो. किती विहिरींना पाझर लागेल, गावाचा टँकरचा खर्च किती वाचेल, देखभालीचा पैसा कोण देईल, हे रकाने कोरे राहतात.

हा हिशेब घेऊन ते दिवाण टी. आनंद राव आणि महाराज कृष्णराज वाडियार यांच्याकडं गेले. ऑक्टोबर १९११ मध्ये महाराजांनी ८१ लाख रुपयांना मंजुरी दिली आणि नोव्हेंबरात काम लागलं. त्या काळचे ८१ लाख, हे ध्यानात घ्या.

पण घरची हरकत मिटली तशी शेजारची उभी राहिली. कावेरी पुढं मद्रास इलाख्यात जाते आणि तंजावरकडचा भात तिच्यावर पिकतो. १८९२ च्या कराराप्रमाणं वरच्या बाजूला नवं काम करायचं तर मद्रासची संमती लागे. मद्रास सरकारनं इंग्रज सरकारकडं जोर लावला. शेवटी ८० फूट उंचीच्या, ११ टीएमसी साठ्याच्या धरणालाच परवानगी मिळाली.

आता तळ्याचा आकार डोळ्यांपुढं आणा. ताटासारखं ते वर वर पसरत जातं. म्हणून ८० फुटांवरून १२४ फुटांवर गेलं की उंची दीडपट होते, पण पाणी जवळजवळ चौपट. विश्वेश्वरय्यांना हे सोडवेना. दगडी भिंतीची उंची पायाच्या रुंदीवर ठरते आणि पाया मागून रुंद करणं फार अवघड. त्यांनी परवानगी मिळाली तेवढ्या उंचीचं काम चालवलं, पण पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणाचा घातला.

कोणी याला दूरदृष्टी म्हणतात. तंजावरच्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्यानं दुसरा शब्द वापरला असता. मला वाटतं दोन्हींत तथ्य आहे. कारण त्या पायावरूनच तंटा वाढला. १९१४ साली लवाद सर हेन्री ग्रिफिन यांनी म्हैसूरच्या बाजूनं निकाल दिला, मद्रासनं त्यावर दाद मागितली आणि दोन्ही सरकारांचा करार व्हायला १९२४ उजाडलं. तेव्हा कुठं पूर्ण धरणाचा रस्ता मोकळा झाला.

कामावर दहा हजारांच्या आसपास मजूर होते. सिमेंट तेव्हा बाहेरून आणावं लागे आणि ते परवडणारं नव्हतं, म्हणून भिंत चुना-सुरखीत बांधली. विश्वेश्वरय्या १९१२ ला संस्थानचे दिवाण झाले, त्यामुळं पुढची काही वर्षं फाईल त्यांच्याच टेबलावर होती. १९१८ ला ते त्या पदावरून उतरले. धरण पुरं झालं १९३१ मध्ये, म्हणजे मंजुरीनंतर वीस वर्षांनी आणि त्यांनी खुर्ची सोडल्यावर तेरा वर्षांनी.

या धरणाच्या कालव्यानं मंड्याकडची लाखावर एकर जमीन भिजली. कोरडवाहू रानात ऊस आला आणि १९३३ साली मंड्याला साखर कारखाना निघाला. त्या कालव्याला आज विश्वेश्वरय्यांचंच नाव आहे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ ला बंगळूरला ते वारले तेव्हा वयाची शंभरी उलटून गेली होती.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. कन्नंबाडी गाव आणि त्याच्या आसपासची वस्ती पाण्याखाली गेली. हजारो माणसांची घरं सुटली, गावचं जुनं वेणुगोपाळाचं देऊळही बुडालं. जिगाव प्रकल्पासाठी गावठाण सोडणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या पूर्णाकाठच्या लोकांना वेगळं सांगायला नको. आणि कावेरीच्या वाटणीचं भांडण १९२४ च्या करारानं संपलं असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर निकाल दिला तो २०१८ साली.