जोडे शिवणारे कोशकार विल्यम कॅरी

मराठी-इंग्रजी कोश म्हटला की आमच्या विद्वानांना मोल्सवर्थ आठवतात. त्यांच्याही आधी, १८१० साली, बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठीचा कोश काढणारे विल्यम कॅरी हे एके काळी जोडे शिवून पोट भरत होते, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. म्हणून आम्ही तेच आधी सांगतो.

१७६१ साली इंग्लंडमधील एका खेड्यात विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. किशोरवयातच ते जोडे शिवण्याचे काम शिकले. पुढे मौल्टन गावी ते शाळा चालवीत, बॅप्टिस्ट मंडळीपुढे प्रवचन करीत आणि तेवढ्यात भागत नसे म्हणून चामडे शिवीत. भिंतीवर स्वतः काढलेला जगाचा नकाशा, हाताशी लॅटिन-ग्रीकची पुस्तके, मांडीवर जोडा! धर्माचे काम पवित्र आणि पोटाचे काम हलके, हा भेद त्यांना मान्य नव्हता. १७९३ साली बंगालात आल्यावर त्यांनी निळीच्या कारखान्यावर नोकरी केली. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत, मराठी शिकवून मिळणारा मोठा पगार ते मिशनच्या सामाईक तिजोरीत भरीत.

गव्हर्नर जनरलच्या मेजवानीत एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्या जुन्या धंद्याची कुजबूज केली. तेव्हा आपण जोडे बनवणारे नव्हे, फक्त फाटके जोडे सांधणारे होतो, असे कॅरींनी सर्वांसमक्ष सांगितले, अशी कथा आहे.

हे धैर्य खरेच. पण आम्ही वकील, उलटतपासणी करणारच. कॅरींचा धंदा हा धंदाच होता. आरी खाली ठेवली की तो सुटला. आमच्याकडे धंद्याचे नाव तेच जातीचे नाव. आरी कधी हातात न धरलेल्या नातवालाही ते चिकटते.

कॅरींना हे बंगालात कळले. १८०० च्या डिसेंबरात त्यांनी पहिला बाप्तिस्मा दिला तो कृष्ण पाल या सुताराला. १८०३ साली त्याच सुताराच्या मुलीचे लग्न ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाशी लावले गेले. इतरत्र मात्र, विशेषतः दक्षिणेत, ख्रिस्ती मंडळ्यांतही जात टिकून राहिली. कॅरी १८३४ साली वारले. त्याच्या आदल्याच वर्षी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना तेथील चर्चमधील जातिभेद मोडण्याचा हुकूम काढावा लागला होता.